ह्यूस्टनला मुलं निघालीत, वऱ्हाड नव्हे

जागतिक रोबॉटिक्स स्पर्धेसाठी निवड झाल्याचा आनंद दोन दिवस टिकतो. मुलांनी एकमेकांना खांद्यावर घेऊन झालं, शाळेच्या फलकावर फोटो लागला, आजी-आजोबांकडे पेढे पोचले, की तिसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो : एकूण खर्च किती? पाठोपाठ दुसरा : बरोबर कोण कोण जाणार? तिसरा प्रश्न मात्र ग्रुपवर येत नाही. तो रात्री उशिरा फोनवर, आवाज खाली आणून विचारला जातो : ‘मॅडम, आम्हाला नाही जमलं तर हिला टीममधून काढाल का हो?’

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि रोबॉटिक्सच्या टीमची मेंटर आहे. हे तिन्ही प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत. आज बोलायचंय ते मुख्यतः तिसऱ्याबद्दल, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

ज्यांचं मूल यंदाच टीममध्ये आलं, त्यांच्यासाठी थोडक्यात पार्श्वभूमी सांगते. अमेरिकेतले संशोधक-उद्योजक डीन केमन यांनी 1989 साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरच्या एका शाळेच्या जिममध्ये 28 संघांची पहिली स्पर्धा झाली. आता तिची जागतिक फेरी एप्रिलच्या सुमारास टेक्सासमधल्या ह्यूस्टनला, जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरच्या अवाढव्य दालनांत भरते आणि जगभरातून हजारो मुलं तिथे येतात. आपली मुलं ज्या गटात खेळतात तो ‘फर्स्ट टेक चॅलेंज’. वय 12 ते 18. टीममध्ये जास्तीत जास्त 15 मुलं. सामना अडीच मिनिटांचा, त्यातले पहिले 30 सेकंद रोबॉट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो आणि मग मुलांच्या हातात कंट्रोलर येतो. सामना सुरू होताना रोबॉट लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीकडून 18 इंचांत बसला पाहिजे. यातले 15 मुलं आणि 18 इंच हे दोन आकडे ध्यानात ठेवा. प्रवासाची निम्मी डोकेदुखी त्यांच्यातून निघते.

आधी 15 चं बघू.

पंधराच्या पंधरा मुलांनी ह्यूस्टनला गेलंच पाहिजे असा नियम नाही. मैदानाशी उभी राहणारी ड्राइव्ह टीम जेमतेम चौघांची असते : दोन ड्रायव्हर, एक कोच, एक ह्यूमन प्लेअर. परीक्षकांसमोर बोलायला आणखी काही जण लागतात, पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, काही जण. म्हणजे कोण जाणार हे ठरवावं लागतं. आणि ते कुणी ठरवलंच नाही, तर खिसा ठरवतो. ‘माणशी इतके पडतील’ असा आकडा ग्रुपवर पडला की ज्यांना परवडतं ते ‘डन’ लिहितात आणि ज्यांना परवडत नाही ते गप्प राहतात. मग कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाच्या क्लासची टेस्ट निघते, कुणाची तब्येत बरी नसते. वर्षभर शनिवार-रविवार शाळेत बसून ज्या मुलीने प्रोग्रॅम लिहिला ती घरी राहते, आणि दिवाळीनंतर आलेला मुलगा टीमचा टी-शर्ट घालून विमानात बसतो. कुणी कुणाला काढलेलं नसतं. सगळं अगदी सभ्यपणे घडतं, म्हणून तर ते जास्त वाईट.

माझं मत स्पष्ट आहे. आधी नावं, मग पैसे. कुणी काय काम केलं याच्या नोंदी टीमच्या वहीत असतात. त्या बघून मेंटर आणि मुलं मिळून यादी करतील. यादी झाली की खर्च ‘माणशी’ मांडायचाच नाही, टीमचा म्हणून एकत्र मांडायचा : विमानाची तिकिटं, व्हिसा, स्पर्धेची फी, हॉटेल, तिथली गाडी, जेवण, प्रवासविमा, रोबॉटचे स्पेअर पार्ट, आणि अडीअडचणीला बाजूला ठेवायची रक्कम. आकडा दचकवणारा असतो, ते मी लपवत नाही. एका मुलामागे लाखाच्या बरंच पुढे जातं. पण तो एका घराच्या दारात न टाकता सगळ्यांच्या मधोमध ठेवला की त्याच्याकडे बघता येतं. ज्याला जितकं शक्य तितकं त्याने द्यावं. कुणी किती दिलं हे हिशेब बघणाऱ्या दोन पालकांपलीकडे कुणालाच कळू नये, मुलांना तर नाहीच. पैसे कुणाच्या खासगी खात्यात जमा करू नका. शाळेचं किंवा संस्थेचं खातं वापरा, प्रत्येक रकमेची पावती फाडा, आणि जमाखर्च मांडायला टीममधलंच एक मूल बसवा. नववीतली पोरं हिशेबाला आपल्यापेक्षा कडक असतात. टॅक्सीच्या पावतीवरून त्यांनी मेंटरना उभं केलेलं मी पाहिलंय.

पैसे कमी पडले तर कात्री कुठे लावायची तेही आजच ठरवून ठेवा. आधी मोठ्यांची तिकिटं कापा, मग पर्यटन, मग हॉटेलचे तारे. मुलांपर्यंत कात्री सगळ्यात शेवटी यावी.

देणग्यांबद्दल एक सांगते. मुलांचा केविलवाणा फोटो लावून ‘या गुणी लेकरांना मदतीचा हात द्या’ छापाचं आवाहन कृपा करून फिरवू नका. या मुलांनी रोबॉट बनवलाय, तो घेऊन त्यांना कारखान्यात जाऊ द्या. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, जिथे तुम्ही राहता तिथल्या एमआयडीसीत दुपारच्या चहाच्या वेळेला रोबॉट चालवून दाखवला, तर शॉपफ्लोअरवरचे लोक मशीन बंद करून बघायला येतात. एखादा मालक रोख देईल, एखादा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून देईल, एखादा प्रवासाची पेटी बनवून देईल. तीही देणगीच, आणि ती मागताना मुलाची मान खाली जात नाही. मोठी रक्कम देणारा पावती कुणाच्या नावे मिळेल हे विचारणारच, त्याचं उत्तर शाळेच्या कार्यालयातून आधी घेऊन ठेवा.

आणि तिकिटं काढताना मार्च 2020 आठवा. त्या वर्षीची ह्यूस्टनची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली, तीही जेमतेम महिनाभर आधी. स्वस्तातलं, परतावा नसलेलं तिकीट आणि थोडं महाग पण तारीख बदलता येणारं तिकीट यांतला फरक अशा वेळी कळतो. व्हिसा हातात येण्याआधी परतावा नसलेलं तिकीट काढायचं नाही, मग ट्रॅव्हल एजंट काहीही म्हणो.

व्हिसाचं प्रकरण निघालंच आहे, तर त्यावर जरा थांबू. देशपातळीवरची स्पर्धा आणि ह्यूस्टन यांच्यामध्ये हाती फार तर काही आठवडे असतात, आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख मिळायलाच त्याहून जास्त काळ लागू शकतो. म्हणून ज्या टीमला जिंकायची थोडीफार आशा आहे तिने पासपोर्टची कामं निवडीची वाट न बघता उरकावीत. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा असतो. म्हणजे चौथी-पाचवीत मामाकडे दुबईला जाण्यासाठी काढलेला पासपोर्ट नेमका नववीत संपतो. तो संपलाय हे बहुतेक घरांत कळतं ते व्हिसाचा अर्ज भरायला बसल्यावर.

दुसरी आपल्याकडची खास अडचण नावाची. आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. बहुतेक पासपोर्टांत नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात येतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. शाळेच्या दाखल्यावर मात्र आडनाव आधी. स्पर्धेच्या नोंदणीत मुलांनी नुसतं नाव-आडनाव टाकलेलं असतं. तिकीट, व्हिसाचा अर्ज, निमंत्रणपत्र आणि विमा या चारही ठिकाणी पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर तसंच हवं. हे काम एका पालकाने अंगावर घ्यावं आणि सगळ्या मुलांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत समोर ठेवूनच करावं.

व्हिसाचा क्रम साधा आहे. डीएस-160 नावाचा ऑनलाइन अर्ज, फी, मिळेल ती पहिली तारीख, आणि तारीख लांबची असेल तर स्पर्धेचं निमंत्रणपत्र जोडून लवकर भेट मिळावी अशी विनंती. 2023 पासून या व्हिसाची अर्ज फी 185 डॉलर आहे, ती व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या जावयाचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव त्या जागी चालत नाही.

मुलाखतीची घोकंपट्टी करून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला पाठ केलेलं इंग्रजी लगेच ओळखू येतं. ‘तुमचा रोबॉट काय करतो?’ एवढं विचारलं तरी ज्या मुलाने तो बनवलाय तो मोडक्यातोडक्या वाक्यांत नीट सांगतो. तो परत येणार आहे, शाळा जूनमध्ये आहे, आईबाप इथे आहेत, हे कागदांतून दिसू द्या : शाळेचं बोनाफाइड, आईवडिलांचं संमतिपत्र, खर्च कोण करतंय त्याचा कागद.

आणि तरीही कुणाला तरी नकार मिळू शकतो. अमेरिकेच्या कायद्यात अर्जदार परत जाणार नाही असं गृहीत धरूनच सुरुवात होते, परत जाणार हे पटवण्याचा भार अर्जदारावर असतो. मुलाला वाटतं आपण नापास झालो. त्याला 2017 ची गोष्ट सांगा. अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुलींची टीम वॉशिंग्टनला याच केमन यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ‘फर्स्ट ग्लोबल’ स्पर्धेला निघाली होती. त्यांना दोनदा व्हिसा नाकारला गेला. जगभर बोभाटा झाला, शेवटच्या क्षणी परवानगी मिळाली, मुली पोचल्या आणि धैर्याबद्दलचं रौप्यपदक घेऊन आल्या. आपल्यासाठी जगात बोभाटा होणार नाही, हे खरं. म्हणून मी टीमला एकच सांगते : प्रत्येक कामाला दोन मुलं तयार ठेवा. ड्रायव्हर दोन जोड्या, प्रोग्रॅम समजणारे दोघं, परीक्षकांपुढे बोलणारे दुप्पट. ज्याचा व्हिसा नाकारला गेला, त्याला घरी बसून करायचं खरं काम द्या. त्याबद्दल पुढे सांगते.

आता 18 इंच.

18 इंच म्हणजे 45.7 सेंटिमीटर. तिन्ही बाजूंची बेरीज 137. बऱ्याच विमान कंपन्या चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटर धरतात आणि वजन 23 किलो. राहिले 21 सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक दिशेला 7, म्हणजे रोबॉटच्या प्रत्येक बाजूला साडेतीन. त्यातच पेटीच्या भिंतीची जाडी आली आणि फोमही आला. हे गणित मुलांनी मांडलं की ती लगेच स्पॅनर उचलतात. वस्तू आत ओढणारा, पुढे आलेला इंटेक काढायचा, वरचा हात उतरवायचा, चाकं आणि चॅसिस तेवढं जागेवर ठेवायचं. काढण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो, प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिकटपट्टी. आमच्या टीममधली आठवीतली एक मुलगी स्क्रू भरायला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून आणते आणि त्यांवर तिच्या गोल अक्षरांत लिहिते : ‘एम4, 10 मिमी, लिफ्ट, डावी बाजू’. तिला कुणी हे शिकवलेलं नाही.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक मोठा रंगीत फोटो चिकटवा : आत काय आहे, कुठे आहे, कसं परत ठेवायचं, मोठ्या अक्षरांत इंग्रजीत. अमेरिकेत विमानतळाची सुरक्षा यंत्रणा चेक-इन सामान आपल्या पश्चात उघडून बघते आणि आत तपासणीची चिठ्ठी टाकून जाते. तारा, मोटारी आणि बॅटऱ्यांची पेटी तर उघडणारच. उघडणाऱ्याने फोम उलटा बसवला तर ह्यूस्टनला आपल्या हाती वाकलेला हात येतो.

बॅटऱ्यांचं नीट समजून घ्या, कारण विमानतळावर वाद इथेच होतो. आपल्या रोबॉटची 12 व्होल्टची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड जातीची असते, लिथियमची नव्हे. तिच्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळून, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवून न्यावी आणि उत्पादकाचा माहितीकागद छापून सोबत ठेवावा. विमान कंपनीला आधी मेल करून लेखी उत्तर मिळवलेलं असेल तर काउंटरवर पाच मिनिटांत सुटका होते. लॅपटॉपच्या जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र लिथियमच्या, त्या हातातल्या सामानातच, चेक-इनमध्ये कधीच नाहीत. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, एलन की याच्या उलट : सगळं चेक-इनमध्ये. मुलांच्या खिशात, पाऊचमध्ये, कंपासपेटीत एलन की सापडतेच. निघायच्या रात्री तुम्ही फक्त तेवढं तपासा.

एकाच पेटीत एकाच गोष्टीचे दोन नग ठेवायचे नाहीत. एक कंट्रोल हब, म्हणजे रोबॉटचा मेंदू, रोबॉटबरोबर गेला तर दुसरा कुणाच्या तरी पाठीवरच्या सॅकमध्ये. पेटी हरवली तर काय, याचं उत्तर मुलांकडे असलं पाहिजे. थ्री-डी प्रिंटेड भागांच्या फाइल्स इंटरनेटवर साठवलेल्या असल्या की तिथे एखादी टीम छापून देते. खरंच देते. या स्पर्धेत आता समोर उभी असलेली टीम पुढच्या सामन्यात आपली जोडीदार असू शकते, आणि पिटमध्ये ‘आमची मोटर जळली’ म्हणून कुणी आलं तर आपली जादा मोटर काढून देणं हा तिथला रिवाज आहे. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स या स्पर्धेच्या घडणीत होते, त्यांनी हा सभ्यपणा पहिल्यापासून तिच्या अंगी बाणवला. तेव्हा जादा मोटर ‘दुसऱ्याला कशाला’ म्हणून सामानातून काढू नका.

निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून सामानाचा निर्यात दाखला करून घ्या. यादी, सीरियल नंबर, फोटो, किमतीचे कागद जवळ असू द्या. त्यासाठी नेहमीपेक्षा लवकर पोचावं लागतं, पण परत येताना आपल्याच रोबॉटवर ड्यूटी भरायची वेळ येत नाही.

हे सगळं पॅकिंग मुलंच करणार. तुम्ही मदतीला येऊ नका. येताना चिवड्याचे डबे घेऊन येता आणि रोबॉटच्या पेटीत मोकळी जागा दिसली की ती भरता, हा अनुभव आहे.

मोठी माणसं किती आणि कोणती न्यायची? नियमाप्रमाणे लागतील तेवढीच, आणि शक्यतो ज्यांचं स्वतःचं मूल टीममध्ये नाही अशी एक-दोन त्यांत हवीत. आईबाप बरोबर असले की मूल मॅच हरल्यावर टीमकडे न जाता आईकडे जातं. सगळ्या आया, सगळे बाबा, एखादी आत्या आणि ‘अमेरिका बघायची राहिलीय’ म्हणून आजी, असं वऱ्हाड निघालं की कुणी मॉलला जाऊ म्हणतं, कुणी नायगारा इथून किती लांब विचारतं, आणि मेंटर मुलांपेक्षा पालकांनाच शोधत फिरतो. तुम्हाला अमेरिका बघायची असेल तर जरूर बघा, स्वतंत्र तिकिटाने, स्पर्धा संपल्यावर.

मुलींच्या पालकांशी थोडं थेट बोलते. ‘एवढ्या लांब मुलीला एकटीला कसं पाठवायचं’ हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो, मुलाच्या बाबतीत मात्र कधीच येत नाही. तुमची काळजी मला समजते. म्हणून ठाम हमी मागा : बरोबर महिला मेंटर आहे का, खोल्यांची वाटणी कशी आहे, रात्री खोलीबाहेर पडायचा नियम काय, एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत एकटे राहणार नाहीत हे पाळलं जातंय का, मासिक पाळीत किंवा आजारपणात मुलीने कुणाला सांगायचं. मोठ्यांनी मुलांशी कसं वागावं याचे ‘फर्स्ट’चे स्वतःचे संरक्षणविषयक नियम आहेत, ते वाचायला मागा. उत्तरं लेखी घ्या. उत्तरं बरोबर असली तर मग मुलीला पाठवा, आणि ‘बघ हं, तुझ्यावर विश्वास ठेवलाय’ असं ओझं देऊन पाठवू नका.

तिथे पोचल्यावरचं थोडं. निदान दोन दिवस आधी पोचा. वीस तासांहून मोठा प्रवास आणि साडेदहा तासांचा फरक, मुलं दुपारी दोन वाजता उभ्या उभ्या झोपतात. रोबॉटची तपासणी झोपेत पास होत नाही. पिटमध्ये बंद बूट आणि सेफ्टी गॉगल लागतात, चपला चालत नाहीत. बाहेर ह्यूस्टनचा दमट उकाडा आणि आत एसीचा गारठा, म्हणून स्वेटर हवाच. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट द्या. लाडू-चिवडा चालेल पण कस्टम्सकडे खाण्याचं सगळं जाहीर करायचं. फळं, मांसाचे पदार्थ आणि कच्चा तांदूळ बिलकूल नको. शहरात भारतीय जेवण हवं तेवढं मिळतं, हिलक्रॉफ्टचा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे मराठी मंडळींचीही वस्ती आहे, गाठ पडली तर ती आग्रहाने घरी नेतील. मुलांना तेवढं एक जेवण पुरे, तिथलीच एखादी मराठी मावशी वरण-भात वाढते तेव्हा पोरं खरंच मुकाट जेवतात. आणि एक दिवस हाती उरला तर नासाच्या स्पेस सेंटरला जा, इमारतीत आडवं ठेवलेलं अजस्र सॅटर्न-5 रॉकेट मुलांनी बघितलंच पाहिजे. बाकी खरेदी-बिरेदी सोडा.

परीक्षकांच्या खोलीत मुलंच बोलतात. मेंटरने तोंड उघडायचं नसतं, पालकांचा तर प्रश्नच नाही. टीमने काय केलं, का केलं, कुठे फसलं, लोकांपर्यंत कसं नेलं, हे पंधरा पानांच्या पोर्टफोलिओतून आणि काही मिनिटांच्या बोलण्यातून मुलं सांगतात. या स्पर्धेतलं सर्वांत मानाचं ‘इन्स्पायर’ पारितोषिक सामने जिंकल्याचं नसतं. म्हणून निकालाच्या तक्त्यावर टीम खाली दिसली की ‘काय झालं?’ असा मेसेज पाठवू नका. बहुधा वायर सुटलेली असते, आणि ती कुठली हे शोधण्यात मूल गुंतलेलं असतं.

सभागृहात मोबाइलचा हॉटस्पॉट लावायला बंदी असते, हे बरोबर जाणाऱ्या मोठ्यांनी डोक्यात पक्कं ठेवावं. रोबॉट आणि कंट्रोलर वायफायवरच बोलतात. आजीला मॅच थेट दाखवावी म्हणून एखाद्या काकांनी हॉटस्पॉट सुरू केला तर कुणाचा तरी रोबॉट मैदानात जागच्या जागी थांबू शकतो, आणि तो आपलाही असू शकतो. तशीही गरज नाही. सामने इंटरनेटवर थेट दाखवतात. ह्यूस्टनला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, तेव्हा रात्रभर बघा.

आणि इथेच घरी राहिलेल्या मुलांचं काम येतं. दुसऱ्या टीमचे सामने बघून त्यांच्या रोबॉटची ताकद आणि खोट टिपायची, त्याला स्काउटिंग म्हणतात. तिथली मुलं पिटमध्ये अडकलेली असतात, त्यांना बघायला वेळ नसतो. इथे चार मुलं शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये रात्री जागून तक्ता भरतील आणि तिकडे पाठवतील. बाद फेरीला जोडीदार कोण घ्यावा हे त्या तक्त्यावरून ठरतं. तेव्हा शाळेकडे लॅबची किल्ली मागा, एक पालक सोबतीला बसा, खिचडी पाठवा. व्हिसा न मिळालेलं मूल किंवा बारावीची जेईई एप्रिलमध्ये आहे म्हणून न गेलेलं मूल, दोघंही खऱ्या अर्थाने टीममध्येच राहतात. जाणाऱ्यांचा टी-शर्ट ज्या दिवशी छापाल त्याच दिवशी त्यांचाही छापा, नावासकट.

पालकहो, यंदाची टीम जाईल न जाईल, ते जानेवारी-फेब्रुवारीत कळेलच. तोवर दोन गोष्टी करा. आज घरातला पासपोर्ट काढून त्यावरची मुदत आणि नावाचं स्पेलिंग बघा. आणि पालकसभेत खर्चाचा विषय निघाला की ‘माणशी किती?’ हा प्रश्न पहिला विचारू नका.